घटस्फोटानंतरही पाठ न सोडणाऱ्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेश: अर्ज, शब्द आणि बजावणी

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षापूर्वी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा आईकडे, महिन्यातल्या दोन रविवारी वडिलांची भेट ठरलेली. पूर्वाश्रमीचा नवरा नवनवीन नंबरांवरून मेसेज करतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन थांबतो, सोसायटीच्या गेटवर आरडाओरडा करतो, आणि परवा मुलाला सोडायला आला तेव्हा त्याने हात पिरगळला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली, पुढे काही नाही. कोर्टातून मनाई हुकूम मिळेल का, आणि त्याने तो मोडला तर काय?

मिळतो. पण तो मोडला जाईल त्या दिवसाचा विचार करून अर्ज लिहिलेला असेल, तरच त्याचा उपयोग. रात्री साडेनऊला ठाणे अंमलदारासमोर आदेशाची नक्कल ठेवली आणि त्यात ‘त्रास देऊ नये’ एवढंच असलं, तर तो विचारणार, ‘त्रास म्हणजे नक्की काय केलं?’ तेव्हा खरं काम दोन जागी आहे: आदेशातले शब्द, आणि तो आदेश गैरअर्जदाराला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला, मिळाल्याचा कागद.

कायदा कोणता? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. बोलण्यात डीव्ही अ‍ॅक्ट. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अनेकींचा समज असा की घटस्फोट झाला म्हणजे हा रस्ता बंद. कायद्यातल्या कौटुंबिक नातेसंबंधाच्या व्याख्येत ‘एकत्र राहतात किंवा कोणत्याही काळी एकत्र राहिले आहेत’ असे शब्द आहेत. प्रभा त्यागी प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटितेलाही अर्ज करता येतो हे स्पष्ट केलं, आणि त्याआधी २०१४ मध्ये जुवेरिया पटनी प्रकरणात, नंतर झालेल्या घटस्फोटाने आधीच्या हिंसाचाराची जबाबदारी पुसली जात नाही, असंही म्हटलं.

तरीही समोरचे वकील पहिला बाण हाच सोडतील: नातंच संपलंय, मग घटस्फोटानंतरची भांडणं ‘कौटुंबिक’ कशी? त्यांच्या हातात २०११ चा, घटस्फोटानंतरची तक्रार रद्द करणारा इंदरजित सिंग ग्रेवाल निकाल असतो. म्हणून अर्जाची सुरुवात घटस्फोटानंतरच्या प्रसंगांपासून करू नका. एकत्र राहत असतानाची दोन-तीन ठळक हिंसक वर्तनं तारखेनिशी आधी मांडा आणि तेच वागणं तसंच पुढे चालू आहे, ही साखळी दाखवा. संमतीच्या अटींमध्ये ‘यापुढे एकमेकांविरुद्ध तक्रार करणार नाही’ असं वाक्य हमखास असतं. ते झालेल्या गोष्टींपुरतं. पुढे नव्याने हात पिरगळायला त्याने कुणाला परवाना मिळत नाही. पण अर्जात ते वाक्य दडवू नका. स्वतःच नमूद करा आणि नंतरच्या प्रसंगांच्या तारखा खाली द्या. समोरच्याने ते बाहेर काढलं तर तुम्ही लपवलं असं दिसतं.

अर्ज कलम १२ खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कुठल्या गावच्या? कलम २७ इथे उदार आहे: तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या राहता तिथे, नोकरी करता तिथे, तो राहतो तिथे, किंवा प्रसंग घडला तिथे. माहेरी येऊन राहिलात तर माहेरच्या तालुक्याचं कोर्टही चालतं. नवा पत्ता त्याला कळू द्यायचा नसेल तर अधिकारक्षेत्र नोकरीच्या ठिकाणावरून दाखवा आणि राहता पत्ता बंद लिफाफ्यात ठेवण्याची वेगळी विनंती करा. अर्जाची प्रत त्याच्या हातात जाणारच आहे, हे टाइप करून घेताना विसरलं जातं.

दोन वाटा आहेत. एक, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत. महिला व बालविकास विभागाचे हे अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल भरतात आणि अर्जाला मदत करतात. पैसे लागत नाहीत. दोन, वकिलामार्फत थेट. घटना अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात, हेही प्रभा त्यागी निकालातच आहे. घाई असेल तर दुसरी वाट धरा आणि अहवाल मागाहून येऊ द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलेला तिथे उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. महाराष्ट्रात महिलांना हिंसाचाराच्या, पोटगीच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे, १९९४ च्या शासन अधिसूचनेपासून. कुणी ‘स्टॅम्पचे’ म्हणून मोठी रक्कम मागितली तर कशाचे ते विचारा. खालच्या कोर्टात अर्ज मराठीत चालतो. किंबहुना तो मराठीतच असावा, कारण पुढे उलटतपासात त्यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या तोंडचं म्हणून विचारलं जाणार.

जाताना न्यायचं: घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल, लग्नाचा दाखला, एनसीच्या प्रती, दवाखान्याचे कागद, नोकरीचं ओळखपत्र, मुलाच्या शाळेचा बोनाफाइड. हात पिरगळल्यावर सूज असेल तर सरकारी दवाखान्यातच दाखवा आणि केसपेपरवर ‘कुणी केलं’ हे लिहून घ्या. नुसतं ‘हाताला मार’ असं लिहिलेलं असलं तर पडूनही लागू शकतो. एक गैरअर्जदार असेल तर चार संच पुरतात: कोर्टाला, त्याला, संरक्षण अधिकाऱ्याला, तुम्हाला.

आणि गैरअर्जदार एकच ठेवा. सासू, दीर, नणंदेचा नवरा यांना ओढायचा मोह होतो. प्रत्येकाच्या नावावर तारीख, जागा आणि कृती लिहिता येत नसेल तर त्यांना वगळा. गैरअर्जदार जितके, तितक्या नोटिसा, आणि एक जरी ‘घर बंद’ म्हणून परत आली तरी तारीख पुढे. मोघम आरोपांनी मुख्य माणसाविरुद्धची केसही पातळ होते. पैशांचंही तसंच. पोटगी मागायची तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोन्ही बाजूंनी मालमत्ता-उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं द्यावी लागतात आणि त्यात महिने जातात. फक्त ‘हा माणूस दूर ठेवा’ एवढंच हवं असेल तर तेवढंच मागा.

आता वेळेचं. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा असं लिहिलंय. साठ दिवसांवर विसंबू नका, अंतिम निकाल बराच लांबतो. म्हणून सगळा भर कलम २३ च्या अंतरिम आदेशावर. त्यातल्या पोटकलम २ खाली, समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेश मिळू शकतो. त्यासाठी नमुना तीनमधलं प्रतिज्ञापत्र लागतं. मुख्य अर्जासोबत हा वेगळा अर्ज त्याच दिवशी द्या आणि त्याच दिवशी युक्तिवादाची विनंती करा. न्यायाधीश त्यात दोन गोष्टी शोधतात: शेवटचा प्रसंग कधीचा, आणि नोटीस काढून त्याला बोलावेपर्यंत थांबलं तर काय बिघडेल. शेवटचा प्रसंग पाच महिन्यांपूर्वीचा असेल तर बहुधा ‘नोटीस काढा’ होतं. परवाचा असेल आणि त्यानंतर ‘आता बघच’ असा मेसेज असेल, तर तो मेसेज पहिल्या पानावर हवा, सतराव्या पानावरच्या परिशिष्टात नको.

आता विनंतीचं कलम. नेहमी दिसणारा मसुदा असा: ‘गैरअर्जदाराने अर्जदारास कोणत्याही प्रकारे शारीरिक व मानसिक त्रास देऊ नये असा हुकूम व्हावा.’ हे मंजूर होतं आणि निरुपयोगी ठरतं. त्याऐवजी कलम १८ खाली असं मागा:

‘गैरअर्जदाराने स्वतः किंवा इतरांमार्फत अर्जदाराच्या कामाच्या ठिकाणी (पूर्ण पत्ता), त्याच्या पार्किंगसह, प्रवेश करू नये. अर्जदाराच्या राहत्या इमारतीच्या आवारात व गेटपासून शंभर मीटरच्या आत थांबू नये. मुलाच्या शाळेत व शाळेच्या गेटवर, या न्यायालयाच्या परवानगीशिवाय, येऊ नये. प्रत्यक्ष, फोन, मेसेज, ईमेल, समाजमाध्यमे, पैसे पाठवताना लिहिलेली टीप, कुरिअर, नातेवाईक किंवा मित्र अशा कोणत्याही मार्गाने अर्जदाराशी संपर्क साधू नये. अपवाद फक्त मुलाच्या भेटीच्या वेळापत्रकाबाबत ठरवून दिलेल्या एका ईमेल पत्त्यावरील लेखी मजकुराचा. अर्जदाराचे आईवडील व तिला मदत करणाऱ्या व्यक्तींना धमकावू नये.’

पैसे पाठवतानाच्या टिपेचा उल्लेख मुद्दाम आहे. सगळीकडून ब्लॉक केलेला माणूस यूपीआयने एक रुपया पाठवतो आणि टीप लिहितो: ‘फोन उचल’. आदेशात मार्ग नावानिशी असेल तर तो ‘मी तर पैसे पाठवले’ म्हणून सुटत नाही. शंभर मीटर हा आकडा कायद्यात नाही. आपण मागायचा असतो, आणि कोर्टाला पटला तर मिळतो. पोलिसाला अंतर मोजता येतं, मनस्ताप मोजता येत नाही.

घराच्या आवाराची बंदी कलम १८ खालीच का? कलम १९ हे सामायिक घराबद्दल आहे, म्हणजे जिथे तुम्ही एकत्र राहिलात ते. घटस्फोटानंतर भाड्याने घेतलेलं घर त्यात बसत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: आदेशभंगाच्या गुन्ह्याचं कलम ३१ ‘संरक्षण आदेश किंवा अंतरिम संरक्षण आदेश’ एवढ्यावरच बोलतं. बंदी दुसऱ्या कलमाखाली गेली की ‘हा संरक्षण आदेशच नव्हे’ असा वाद उभा राहतो. कलम १८ मध्ये आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य मनाई करण्याची सोय आहे, तीच वापरा. मात्र कलम १९ मधलं एक मागून घ्यायचंच: जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला संरक्षण व मदत देण्याचा निर्देश. आदेशात पोलीस ठाण्याचं नाव छापलेलं असलं की ‘हे आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर बंद होतं.

मुलाची भेट ही सगळ्यात ठिसूळ जागा. कुटुंब न्यायालयाचा भेटीचा आदेश म्हणतो, महिन्यातल्या ठरलेल्या दोन रविवारी मुलाला घ्यायला या. तुमचा संरक्षण आदेश म्हणतो, जवळ येऊ नका. दोन आदेशांची टक्कर झाली की भंगाचा फायदा त्यालाच. म्हणून संरक्षण अर्जात भेटीचा आदेश जोडा आणि मुलाची देवाणघेवाण तुमच्या दारात न होता तटस्थ जागी, तुमच्याऐवजी तुमच्या आईने किंवा भावाने करावी, अशी सोय मागा. त्याच वेळी कुटुंब न्यायालयात भेटीची जागा बदलण्याचा छोटा अर्ज करा. भेट स्वतःहून बंद करू नका. हात पिरगळला म्हणून संतापाने मुलाला पाठवणं थांबवलं, की पुढच्या तारखेला आरोपी तुम्ही होता. मुलाला खरोखर धोका असेल तर कलम २१ खाली भेट नाकारण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्याला आहे. तिथूनच मागा.

पुराव्याची तयारी अर्जाच्या आधीपासून. आधी एक मेसेज पाठवा, एकदाच: ‘माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका. मुलाच्या भेटीबाबत फक्त या ईमेलवर लिहा.’ त्यानंतर उत्तर नाही. रागाचं नाही, समजुतीचं नाही, ‘ओके’सुद्धा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मधल्या पाठलागाच्या गुन्ह्यात स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही वारंवार संपर्क करणं हा गाभा आहे, आणि हा मेसेज म्हणजे ती अनिच्छा. मध्येच तुम्ही अर्धा तास गप्पा मारल्या असतील तर तेवढंच पान समोरचे वकील मोठं करून दाखवतील.

स्क्रीनशॉटमध्ये नंबर दिसत नाही, सेव्ह केलेलं नाव दिसतं. ते नाव कुणीही बदलू शकतो. म्हणून संपर्काची माहिती उघडून नंबरसह दुसरा स्क्रीनशॉट घ्या. चॅट पुसू नका, ते आलेला हँडसेट विकू नका, फॅक्टरी रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग ‘अ’ तुमचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा. अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर सहसा त्यावाचून अडत नाही, पण साक्षीच्या वेळी अडतं, आणि तोवर जुना फोन कुणाला तरी देऊन टाकलेला असतो.

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या कॅमेऱ्याचं चित्रण थोड्याच दिवसांत नव्या चित्रणाखाली पुसलं जातं. प्रसंग घडला त्याच दिवशी सेक्रेटरीला लेखी पत्र द्या: अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं, गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं. पोचेवर सही घ्या. नंतर चित्रण गेलंच तरी तुम्ही वेळेत मागितलं होतं, हे ते पत्र दाखवतं. वॉचमनच्या वहीतल्या नोंदीचा फोटोही काढून ठेवा.

आणि तो तुमच्या आधी पार्किंगमध्ये पोहोचतो कसा, हेही तपासा. जुन्या फोनमध्ये तुमचं गूगल खातं अजून उघडं आहे का, लोकेशन शेअरिंग चालू आहे का, गाडीचा फास्टॅग त्याच्या मोबाइलला जोडलेला आहे का (टोल कापला की संदेश त्यालाच जातो), शाळेच्या अ‍ॅपवर त्याचा नंबर आहे का. बंद करण्याआधी प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या. काही वेळा तोच पुरावा असतो.

आदेश झाला. आता बजावणी. कलम २४ प्रमाणे नक्कल दोन्ही पक्षांना आणि पोलीस ठाण्याला विनामूल्य जायला हवी. प्रत्यक्षात मागे लागावं लागतं. एकतर्फी आदेश मोडल्याचा आरोप झाला की बचाव एकच, ‘मला माहीतच नव्हतं’. म्हणून बजावणीचा अहवाल कोर्टाच्या फायलीत आलाय का ते स्वतः पाहा आणि त्याची नक्कल काढा. तो घेत नसेल, घर बंद दिसत असेल तर कामाच्या ठिकाणी बजावणीची, किंवा ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवर बजावण्याची परवानगी मागा. तो वकिलासह हजर झाला असेल तर रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) ‘गैरअर्जदारास आदेशाची प्रत दिली’ ही ओळ उतरवून घ्या. तेवढी एक ओळ पुढचे सहा महिने वाचवते. मग एक प्रत सोसायटीच्या वॉचमनकडे, एक ऑफिसच्या सुरक्षा विभागाकडे, एक शाळेच्या मुख्याध्यापकांकडे.

दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला हमखास एक प्रस्ताव येतो: ‘दोघांनीही एकमेकांना त्रास न देण्याची हमी लिहून द्या आणि प्रकरण मिटवा.’ ऐकायला गोड आहे. पण हमीपत्र म्हणजे संरक्षण आदेश नव्हे. ते मोडलं तर कलम ३१ लागत नाही, पोलीस हात वर करतात. शिवाय त्यात तुम्हीही त्रास देणाऱ्या ठरता. मिटवायचंच असेल तर त्याच अटी कलम १८ खालचा आदेश म्हणून नोंदवून घ्या, मगच सही करा.

भंग झाला तर: ११२ ला फोन, मग पोलीस ठाणे. कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कलम ३२ प्रमाणे गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. शिवाय तुमच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट गुन्हा झाल्याचा निष्कर्ष काढू शकतं. पुष्कळ ठाण्यांत हे कलम क्वचित वापरलं जातं, त्यामुळे ‘एनसी करून देतो’ ऐकू येईल. अर्जात लिहा: अमुक न्यायालयाचा अमुक तारखेचा आदेश, परिच्छेद क्रमांक दोनचा भंग, कलम ३१ खाली गुन्हा नोंदवावा. सोबत आदेश आणि बजावणीचा अहवाल. नाही म्हणाले तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर आयुक्तालयात) लेखी पाठवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. समांतर, संरक्षण अधिकाऱ्याला सही केलेली लेखी तक्रार द्या, तो ती आदेशाच्या प्रतीसह कोर्टात पाठवतो. गैरअर्जदाराला जामीन मिळताना, तुमच्यापासून दूर राहण्याच्या अटी घालता येतात. सरकारी वकिलांना आधी भेटून त्या मागायला सांगा.

लग्न झालं नव्हतं, पण एका छपराखाली नवराबायकोसारखे बराच काळ राहिलात, तर विवाहसदृश नातं म्हणून हाच कायदा लागतो. २०१० चा वेलुसामी आणि २०१३ चा इंद्रा शर्मा निकाल त्याच्या कसोट्या सांगतात. भाडेकरार, संयुक्त खातं, गॅसचं कार्ड, शेजाऱ्यांची साक्ष कामी येते. कधीच एकत्र राहिला नसाल तर हा कायदा नाही. मग कलम ७८ खाली एफआयआर, दिवाणी कोर्टातला मनाई हुकूम, आणि चॅप्टर केस, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शांतता राखण्याचं बंधपत्र, जास्तीत जास्त एक वर्षाचं. घटस्फोटितांनीही पाठलागाचा एफआयआर सोबत करावाच. डीव्हीच्या अर्जात नात्याच्या व्याख्येवर तांत्रिक अडचण आली तरी तो स्वतंत्र चालतो.

तारखा चुकवू नका. तुम्ही सलग गैरहजर राहिलात आणि मुख्य अर्ज निकाली निघाला, तर अंतरिम आदेशही त्याच क्षणी जातो, आणि ही बातमी त्याला तुमच्या आधी कळते. अपील सत्र न्यायालयात, आदेश बजावल्यापासून तीस दिवसांत. तिथून स्थगिती आली की नाही, हे त्या महिन्यात वकिलाला दर आठवड्याला विचारा. अंतिम संरक्षण आदेशाला मुदत नसते. तुम्ही तो रद्द करण्याचा अर्ज करेपर्यंत तो टिकतो, आणि परिस्थिती बदलली तर दोघांपैकी कुणीही बदल मागू शकतो. आदेश भारतभर चालतो, पण त्यातले पत्ते आपोआप बदलत नाहीत. नोकरी, घर किंवा मुलाची शाळा बदलली की कलम २५ खाली दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि नव्या पोलीस ठाण्यात प्रत देऊन पोच घ्या.